‘असूनही’ एवढा शब्द मागे घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात पान ४ वर माझ्या यजमानांच्या निधनाची बातमी आली. आठ ओळींची, फोटोसह. आपण ती छापली त्याबद्दल आधी आभार. वय बरोबर आहे, आडनावही बरोबर आहे. (आमच्या तेलुगू आडनावांचं मराठी कागदांवर काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात आडनाव तीन प्रकारांनी लिहिलेलं आहे.) तक्रार सहाव्या ओळीबद्दल आहे. तिथे छापलंय, ‘नास्तिक असूनही ते मनमिळाऊ व परोपकारी होते.’

यातला ‘असूनही’ मला नको आहे.

मी चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. ‘असूनही’ कुठे वापरायचं हे मुलांना सांगताना मी फळ्यावर एक वाक्य लिहायची : ‘रामू गरीब असूनही प्रामाणिक होता.’ एकदा मी घरी वह्या तपासत बसले होते. यांनी एक वही उचलली, ते वाक्य वाचलं आणि विचारलं, “गरीब माणूस चोर असतो असं तुमच्या पुस्तकात दिलंय का?” मी चिडले, पण दुसऱ्या दिवशी वाक्य बदललं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात ‘पाऊस असूनही शाळा भरली’ हेच उदाहरण चाललं.

म्हणून हा शब्द पेपरात त्यांच्याच नावापुढे बघून मला गप्प बसवेना.

आधी माझं सांगते, नाहीतर पत्र वाचणारे म्हणतील, बाईसुद्धा त्यातलीच. मी देव मानते. माझा शुक्रवार असतो. मार्गशीर्षातले गुरुवार मी नोकरीत असतानाही चुकवले नाहीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यासमोरच्या गर्दीत मी अजून उभी राहते, आणि ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ झालं की माझ्या मुठीतल्या अक्षता सगळ्यांबरोबर उडतात. यात्रेला हेही यायचे. तलावाच्या कडेला माझ्या चपला सांभाळत थांबायचे आणि नंदीध्वज दिसले की बघत राहायचे. एवढी उंच काठी माणूस कमरेवर कशी तोलतो, पाय कुठे टाकतो, हे ते मला परत येताना समजावून सांगायचे. देवाबद्दल एक शब्द नाही.

पूर्वभागात, म्हणजे आमच्या मागांच्या वस्तीत, त्यांना पंचिंग मास्तर म्हणत. चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते. ग्राफच्या कागदावर चौकटी भरायच्या, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीने ओवून माळ करायची. जिथे भोक तिथला हूक उचलतो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नाही तिथे धागा खालीच. मोर, कमळ, ताजमहाल तर त्यांनी पाडलेच, पण भिंतीवर लावायचे गणपती, मक्का-मदिना, तिरुपतीचा बालाजी हेही त्यांच्याच हातचे. एक बालाजी आमच्या पुढच्या खोलीत आहे. मी जाता-येता हात जोडायची. हे त्याच्यासमोर उभे राहायचे ते वेगळ्या कारणासाठी. त्याच्या डाव्या भुवईत एक कार्ड चुकलंय, आणि ते त्यांना शेवटपर्यंत खुपत होतं.

आमच्या समाजात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी पुरुष जानवं बदलतात. यांनी बाविसाव्या वर्षी जानवं काढलं ते काढलंच. त्यांचे एक काका विजयवाड्याला गोरांच्या नास्तिक केंद्रात जाऊन आले होते, त्यांनी आणलेली तेलुगू पुस्तकं घरात होती. ज्यांना गोरा ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी : गोपराजू रामचंद्र राव. कॉलेजात शिकवत होते, नास्तिक म्हणून नोकरी गेली, १९४० मध्ये मुदुनूर गावी त्यांनी केंद्र काढलं, पुढे ते विजयवाड्याला आलं. गांधीजींशी त्यांच्या भेटी होत. देव या एका विषयावर दोघांचं जमलं नाही आणि त्यामुळे काही अडलंही नाही. हे मला लग्नानंतर कळलं. सासूबाईंना मात्र गोरा आणि गांधी काही ऐकायचे नव्हते. त्या दर नारळी पौर्णिमेला मुलासाठी एक नवं जानवं आणून फडताळात ठेवायच्या. त्या गेल्यावर फडताळ आवरताना सतरा जानवी निघाली, पुडीत बांधलेली. सतरा वर्षांत मायलेकांत या विषयावर भांडण झालेलं मी ऐकलं नाही. त्या ठेवत गेल्या, हे घेत नव्हते. संपादक महोदय, मला ‘स्वीकार’ हा शब्द शिकवायचा असता तर मी या पुडीचंच उदाहरण दिलं असतं. पण घराबाहेर ते एवढं सरळ नव्हतं.

१९८१ साली हे मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांसमोर म्हणाले, “मी देव मानत नाही. ही मानत असेल तर माझी आडकाठी नाही.” वडील घाबरले. मुलगा निर्व्यसनी आहे, हातात कला आहे, आणि असलं काय बोलतो? यांना रजिस्टर लग्न हवं होतं. माझे वडील रडले, तेव्हा हे विधींना बसले. पुढे कधी विषय निघाला की म्हणायचे, “आयुष्यात एकदाच खोटं बसलोय, तेही तुझ्यासाठी.” हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलंच नव्हतं. त्यांना वाकावं लागलं, आम्हाला नाही, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली.

कारखान्यातली एक गोष्ट सांगते. खंडेनवमीला मागांची पूजा असते. सगळे माग धुऊन पुसून हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, मालक नारळ फोडतात. हे त्या दिवशी पंचिंगच्या मशीनला तेलपाणी करून घरी यायचे, कुंकू लावायचे नाहीत. एका वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांत एका मागाची मोटर जळाली. मालक यांच्यावर उखडले. मास्तरनं पूजेला हात लावला नाही म्हणून झालं, असं सगळ्या कारखान्यात झालं. यांनी जाऊन बघितलं तर तीनपैकी एक फेज गेलेला. मोटर दोनच फेजवर ओढत राहिली आणि तापून जळाली. यांनी सांगितलं, असं झालं की आपोआप लाइन तोडणारा प्रिव्हेंटर येतो, तो बसवा. पुढच्या वर्षी मालकांनी गुरुजी बोलावून मोठी पूजा केली आणि प्रिव्हेंटरही बसवला. मोटर परत जळाली नाही. कशामुळे ते विचारायला हे गेले नाहीत.

बाकी माणसं त्यांच्याकडे यायची. बिडीच्या बायका पीएफचे, पेन्शनचे फॉर्म घेऊन संध्याकाळी ओट्यावर बसायच्या, कारण नाव-जन्मतारीख न जुळल्याने अडलेले कागद त्यांना सोडवता यायचे. त्या येताना कुठल्या कुठल्या देवाचा प्रसाद आणायच्या. हे खायचे. “साखर आहे, शेंगदाणा आहे, न खायला काय झालं?” बायकाही हसायच्या. पण जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, “अक्का, मास्तर माणूस सोन्यासारखा, फक्त तेवढं एक सोडलं तर.” चाळीस वर्षं मी ‘तेवढं एक’ ऐकत आले, आणि दरवेळी मान डोलावत आले.

कोजागरीला सोलापुरातून हजारो लोक तुळजापूरला चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटर. मी एका वर्षी हौसेने निघाले. तामलवाडीपर्यंत पायांना फोड आले. हे स्कूटरवर मागून येतच होते, डिकीत पाणी, कापूस, मलम. रात्रभर पन्नास पावलं मागे राहून ते तुळजापूरपर्यंत आले, मी देवळात गेले, हे बाहेर चपलांपाशी. बरोबरच्या बायका म्हणाल्या, मास्तर, तुमचं पुण्य अक्काच्या बरोबरीनं. हे म्हणाले, पुण्य तिलाच ठेवा, मला पेट्रोलचे पैसे द्या.

मुलीच्या लग्नाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. दोन स्थळं यांच्यामुळे मोडली होती. तिसरं २००९ साली भिवंडीचं जमलं. (आमच्या सोयरिकी मागाच्या आवाजामागून जातात : भिवंडी, इचलकरंजी, फार तर सुरत.) माणसं चांगली, पण त्यांच्यातले थोरले कडक. कन्यादानाला कोण बसणार, हा प्रश्न आला. यांनी सांगितलं, मी बसणार नाही. मंडपात उभा राहीन, वाढप्यांकडे बघेन, हिशोब बघेन, पाहुण्यांच्या पाया पडायला सांगा, तेही करेन, कारण ती माणसं आहेत. माझा भाऊ आणि वहिनी बसले. मुहूर्ताला भिवंडीच्या एका आजोबांनी विचारलं, मुलीचे वडील कुठायत? माझ्या भावाने पटकन सांगून टाकलं, “भाऊजींना बीपी आहे, होमाचा धूर सोसत नाही.”

त्यांना बीपी कधीच नव्हतं. पण ते वाक्य भिवंडीला गेलं आणि तिथेच राहिलं. विहीणबाई प्रत्येक फोनवर बीपीची चौकशी करायच्या. हे मुलीकडे गेले की त्यांच्यासाठी वेगळी, मिठाशिवायची भाजी व्हायची. जो माणूस देवासमोर हात जोडण्याएवढंही खोटं वागायला तयार नव्हता, त्याने मुलीच्या सासरी सोळा वर्षं अळणी भाजी खाल्ली. घरी आले की पहिल्यांदा शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मागायचे. आम्ही दोघं यावर खूप हसलोय. आता एकटीला हसू येत नाही. आजारी असणं चालतं, नास्तिक असणं चालत नाही, एवढंच त्यातून उरतं.

एकदा ते एका अपघाताच्या खटल्यात साक्षीदार होते. ईश्वरसाक्ष शपथ घ्या म्हटल्यावर म्हणाले, मी प्रतिज्ञेवर सांगतो. शपथेच्या १९६९ च्या कायद्यात तशी सोय आहेच. कुणाच्या कपाळाला आठी नाही, साक्ष पुढे सुरू. घरी येऊन मला म्हणाले, “आज पहिल्यांदा कुणी कारण विचारलं नाही.”

२०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. सकाळी फिरायला गेलेला माणूस. तो आठवडा मी यांना तलावाकडे फिरायला जाऊ दिलं नाही. चपला लपवल्या. हे म्हणाले, मी कोण एवढा मोठा लागून गेलोय? आणि दाभोलकर तर जन्मभर सांगत आले की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने लुबाडण्याशी आहे. माझ्या पोटात गोळा आला तो त्यावरूनच. एवढं सांगूनही जर… जाऊ द्या.

आता जे लिहिते ते लिहायला मी हे पत्र चार दिवस लांबवलं.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली. आम्हा शिक्षकांना प्रगणकाची ड्युटी होती, आणि माझ्या गटात माझंच घर आलं. घराघरांतून माहिती भरत मी शेवटी आपल्या उंबऱ्यावर आले. कागदावर धर्माचा रकाना असतो. सहा धर्मांना सहा आकडे, बाकी कुणी काही सांगितलं तर ते पूर्ण नाव लिहायचं. प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून बजावलं होतं : समोरचा जे सांगेल ते लिहा, तुमचं मत लिहू नका. १९४८ च्या कायद्याने ही माहिती गुप्त राहते, ती कुणाच्या दाखल्याला लावता येत नाही, हेही शिकवलं होतं, आणि मी ते दीडशे घरांत लोकांना पढवूनही आले होते. हे खुर्चीत बसले होते. म्हणाले, “माझं लिही, धर्म नाही.” मुलाची जातपडताळणी तेव्हा चालू होती. माझ्या मनात आलं, उगाच कुठे अडकलं तर? मी ‘हिंदू’ लिहिलं आणि चौकटीत १ टाकला.

त्यांनी वाकून बघितलं. आवाज न चढवता विचारलं, “वर्गात गैरहजर पोराला हजर लावतेस का?”

त्या जनगणनेत अख्ख्या देशात स्वतःला नास्तिक नोंदवलेली माणसं तेहतीस हजारांच्या आसपास निघाली. १२१ कोटींत. त्यात महाराष्ट्रातली साडेनऊ हजारांवर. पेपरात आकडा आला तेव्हा यांनी तो मोठ्याने वाचला, आणि “अधिक एक” म्हणून चहाचा कप उचलला. त्याआधी २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला होता, की सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे. त्याचं कात्रण त्यांनी माझ्या देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं होतं. काही बोलले नाहीत. ते अजून तिथेच आहे, हळदीने पिवळं झालंय.

तेव्हा ‘असूनही’ फक्त आपल्या बातमीदाराने लिहिलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्याच्या आधी पंधरा वर्षं मी सरकारी कागदावर तो माणूसच पुसला होता.

ते गेले तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात. त्यांनी माझ्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं, मी पाढ्यासारखं केलं : पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली दोन उश्या. नेत्रपेढीला फोन. तोवर शेजारणी आल्या. एकीने तुळशीचं पान माझ्या हातात दिलं. मी ते त्यांच्या ओठांवर ठेवलं नाही. ठेवावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. देह सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. सही माझी लागली. मुलगा केस काढायला बसणार होता, मी त्याला म्हटलं तुला करायचं तर कर, त्यांच्या नावाने करू नको. त्याने नाही केलं. दहावा नाही, तेरावा नाही. मी रात्री माझ्या देवघरात दिवा लावते, तो माझ्यासाठी. भावकीतले काही जण आलेच नाहीत. नळावर बोलणं झालं की मास्तरचा आत्मा अडकणार. या संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. मी विधवा म्हणून की नास्तिकाची बायको म्हणून, ते मला अजून उलगडलेलं नाही.

कारखान्यातल्या लोकांनी शोकसभा मात्र मनापासून घेतली. एक वक्ते म्हणाले, “ते देव मानत नव्हते, पण देवमाणूस होते.” टाळ्या पडल्या. त्यांच्या मनात कौतुकच होतं, हे मला समजतं. आपल्या बातमीदाराच्याही मनात तेच असणार. पण ‘आस्तिक असूनही प्रामाणिक’ अशी निधनवार्ता आपण कधी छापलीत का? जुने अंक काढून बघा.

आपलं गाव चार भाषांत भांडतं आणि चार भाषांत जेवतं. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे, त्यांत हिंदूही आणि मुसलमानही, आपण एका चौकात शेजारी-शेजारी उभे केलेत. ज्याला कुठला का असेना देव आहे, त्याला इथे जागा मिळते. ज्याला नाही, त्याला बीपी असावं लागतं.

२०२७ च्या फेब्रुवारीत पुन्हा माणसं मोजणार आहेत. प्रगणक आले की मी माझं हिंदू सांगेन, कारण ते खरं आहे. त्यांचं सांगायला ते नाहीत. तो कागद आता मला दुरुस्त करता येणार नाही. आपला मात्र येईल. म्हणून विनंती आहे, की पुढील खुलासा त्याच पानावर छापावा :

‘गेल्या महिन्यात पान ४ वरील निधनवार्तेत “नास्तिक असूनही ते मनमिळाऊ व परोपकारी होते” असे प्रसिद्ध झाले आहे. ते “ते नास्तिक होते. ते मनमिळाऊ व परोपकारी होते” असे वाचावे.’

नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे, तो छापू नये. पूर्वभागात ओळखायचे ते ओळखतीलच. भिवंडीला जायला नको एवढंच, मुलीला तिथे नांदायचं आहे. खुलाशाचे जाहिरातीच्या दराने पैसे पडत असतील तर कळवा, भरेन. आणि जागा कमी पडत असेल तर ‘मनमिळाऊ’ गाळा. ते तसे फारसे नव्हतेही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अशोक चौक परिसर, सोलापूर